प्रकाशतंतूच्या केबलवरून भूकंपाची तात्काळ नोंद: उभारणीपासून इशाऱ्यापर्यंत

दूरसंचारासाठी जमिनीखाली किंवा समुद्रतळावर टाकलेली ऑप्टिकल फायबर केबल भूकंपमापकांची सलग रांग म्हणून वापरता येते, ही गोष्ट गेल्या दशकभरात अनेक ठिकाणी सिद्ध झाली आहे. केबलच्या एका टोकाला इंटरोगेटर नावाचे उपकरण जोडले की ५० किलोमीटर तंतूवर दर १० मीटरला एक याप्रमाणे ५,००० मोजणीबिंदू मिळतात, आणि या सगळ्या रांगेला वीज, घड्याळ व देखभाल लागते ती फक्त त्या एका टोकापाशी. या पद्धतीचे रूढ नाव डिस्ट्रिब्युटेड अकूस्टिक सेन्सिंग, संक्षेपाने डीएएस. ज्यांना एखादी केबल वापरायला मिळण्याची शक्यता आहे आणि तिच्यावरून भूकंपाची नोंद त्या त्या क्षणी मिळवायची आहे, अशा अभियंत्यांसाठी, विद्यापीठांतील विभागांसाठी आणि भूकंप निरीक्षण केंद्रांसाठी हा लेख आहे. इंटरोगेटर विकत किंवा भाड्याने घेणे हा या कामाचा सोपा भाग आहे. प्रत्येक मोजणीबिंदू जमिनीत नेमका कुठे आहे आणि तो जमिनीला किती घट्ट धरून आहे, हे ठरवण्यात खरा वेळ जातो, आणि तेथे केलेली घाई पुढे कोणत्याही संगणकीय प्रक्रियेने भरून निघत नाही.

मोजले जाते ते काय

इंटरोगेटर तंतूमध्ये लेसरचे अतिशय छोटे स्पंद सोडतो. त्यांची तरंगलांबी बहुधा १५५० नॅनोमीटरच्या आसपास असते. तंतू ओढताना काचेत गोठून राहिलेल्या सूक्ष्म अनियमिततांमुळे या प्रकाशाचा अगदी थोडा अंश मागे परततो. याला रॅले प्रकीर्णन म्हणतात. प्रकाश परत यायला किती वेळ लागला यावरून तो केबलच्या कोणत्या भागातून आला ते कळते, आणि लागोपाठच्या स्पंदांमधील त्याच्या कलेची, म्हणजे फेजची, तुलना केली की तो भाग किती ताणला किंवा दाबला गेला ते कळते. ही तुलना केबलच्या ज्या लांबीवर केली जाते तिला गेज लांबी म्हणतात. गेज लांबी १० मीटर असेल, तर फेजमधील १ रेडियनचा बदल म्हणजे सुमारे ११ नॅनोस्ट्रेन (मूळ लांबीच्या अब्जांश भागाइतका बदल म्हणजे १ नॅनोस्ट्रेन). दुसऱ्या शब्दांत, १० मीटरच्या तुकड्याच्या लांबीत मायक्रोमीटरच्या साधारण नवव्या हिश्श्याइतका फरक. इंटरोगेटर याच्याही कितीतरी पट लहान बदल ओळखतो.

येथे एक मर्यादा सुरुवातीलाच समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे बरेच निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत. नेहमीचा भूकंपमापक जमिनीची हालचाल उभी आणि दोन आडव्या अशा तीन दिशांनी मोजतो, तर तंतू फक्त स्वतःच्या लांबीच्या दिशेने होणारी विकृती, म्हणजे ताणले किंवा दाबले जाणे, मोजतो. पी लहर, म्हणजे भूकंपाची सर्वांत आधी पोचणारी लहर, केबलच्या दिशेने धावत आली तर ती उत्तम दिसते, पण केबलला काटकोनात आली तर जवळजवळ दिसतच नाही. तिच्यामागून पोचणारी एस लहर मात्र केबलशी ४५ अंशांचा कोन करून आली असता सर्वांत ठळक उमटते. भूकंपलहरी पृष्ठभागाजवळच्या मऊ थरांत शिरताना वरच्या दिशेने वळतात. त्यामुळे आडव्या केबलवर पी लहरीचे आगमन बहुतेक वेळा क्षीण आणि एस लहरीचे ठळक असते. पूर्वसूचना द्यायची असेल तर ही अडचणीची बाब आहे, कारण पूर्वसूचनेचा सगळा डोलारा पी लहरीवरच उभा असतो.

पद्धतीची निवड

डीएएस ही एकमेव पद्धत नाही. समुद्राखालच्या लांब केबलमध्ये ठरावीक अंतरावर प्रकाश वाढवणारे रिपीटर असतात आणि त्यांच्यामध्ये प्रकाशाला उलट दिशेने जाऊ न देणारे घटक बसवलेले असतात. मागे परतणारा प्रकाशच अडत असल्याने डीएएसची मजल किनाऱ्यापासून पहिल्या रिपीटरपर्यंतच जाते. त्यापलीकडे जायचे असेल तर केबलमधून आरपार जाणाऱ्या प्रकाशावर काम करावे लागते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अतिशय स्थिर लेसर वापरून जमिनीवरच्या आणि समुद्राखालच्या केबलवर दूरचे भूकंप टिपले गेले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या कामात लॉस एंजेलिस ते वाल्पाराइसो या सुमारे १०,००० किलोमीटर लांबीच्या क्युरी केबलवर, नेहमीची दूरसंचार वाहतूक चालू असतानाच, प्रकाशाच्या ध्रुवीकरणात होणारे बदल वापरून भूकंप आणि समुद्राच्या लाटा यांची नोंद झाली. या पद्धतींना स्वतंत्र तंतू लागत नाही हा मोठा फायदा आहे. पण संपूर्ण केबलचा किंवा तिच्या लांबलचक टप्प्याचा मिळून एकच संकेत हाती येतो, आणि लहर नेमकी कुठे आदळली हे त्यातून सहज कळत नाही. स्थानिक भूकंपांची दाट नोंद हवी असेल, तर १०० किलोमीटरच्या आतील केबल आणि डीएएस हीच जोडी धरावी. पुढचे विवेचन तिच्याबद्दल आहे.

केबल मिळवणे आणि तपासणे

सर्वांत सोयीची केबल म्हणजे आधीच जमिनीत असलेली, पण वापरात नसलेली. तिच्यातील अशा रिकाम्या तंतूंना डार्क फायबर म्हणतात. आइसलँडच्या रेक्यानेस द्वीपकल्पावर २०१५ साली १५ किलोमीटरच्या दूरसंचार केबलवर झालेल्या प्रयोगात आधी माहीत नसलेली भ्रंशरेषा दिसली, आणि कॅलिफोर्नियात जुलै २०१९ मध्ये रिजक्रेस्ट येथे ७.१ तीव्रतेचा भूकंप झाल्यावर पश्चात्कंपांची नोंद घेण्यासाठी काही दिवसांतच डार्क फायबर वापरात आणले गेले. नव्याने भूकंपमापकांचे जाळे उभारायला जो अवधी लागतो त्याच्याशी तुलना केली, की या वेगाचे महत्त्व ध्यानात येते.

केबलमालकाकडे तंतू मागताना पुढील गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. तंतू सिंगल मोड, म्हणजे प्रकाशाला एकाच मार्गाने नेणारा, आहे का. वाटेत स्प्लिटर आहे का, कारण घरोघरी इंटरनेट पोचवणाऱ्या जाळ्यात एका तंतूचे अनेक फाटे होतात आणि सगळ्या फाट्यांचा परतीचा प्रकाश एकमेकांत मिसळतो. मार्गाचा कोणता भाग जमिनीत थेट पुरलेला आहे, कोणता डक्टमध्ये, म्हणजे पाइपात, आहे, कोणता पुलावरून आणि कोणता खांबांवरून जातो. आणि कोणकोणत्या चेंबरमध्ये जादा केबलचे वेटोळे ठेवलेले आहे. खांबांवरून गेलेला भाग वाऱ्याची नोंद चांगली करतो, भूकंपाची नाही. डक्टमधील केबल बहुतेक वेळा चालते, कारण ती स्वतःच्या वजनाने तळाला टेकलेली असते; पण डक्ट मोठा आणि सैल असेल तर प्रत्यक्ष नोंद पाहिल्याशिवाय तिच्यावर भिस्त ठेवू नये. मार्ग निवडण्याची संधी असेल तर सरळसोट केबलपेक्षा वळणे घेणारी केबल पसंत करावी. केबल एका रेषेत असली तर भूकंप तिच्या डावीकडे झाला की उजवीकडे हे तिच्या नोंदीवरून सांगताच येत नाही, आणि वर सांगितलेली दिशेची मर्यादाही वळणांमुळे सौम्य होते.

यानंतर ओटीडीआरने, म्हणजे तंतूत प्रकाश सोडून परतीच्या प्रकाशावरून अंतरानुसार होणारी घट दाखवणाऱ्या उपकरणाने, संपूर्ण तंतू तपासावा. चांगल्या तंतूत १५५० नॅनोमीटरला दर किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबल घट होते. डीएएसमध्ये प्रकाश जाऊन परत येत असल्याने ती दुप्पट धरावी लागते, म्हणजे ५० किलोमीटरच्या टोकाकडून येणारा संकेत एकट्या तंतूमुळेच २० डेसिबलने क्षीण झालेला असतो. त्यात प्रत्येक जॉइंट भर घालतो. ओटीडीआरच्या आलेखात पायरीसारखा उतार दिसला तर तो फ्यूजन स्प्लाइस, म्हणजे दोन तंतू वितळवून केलेला जोड, किंवा तंतूला बसलेला जोराचा वाक असतो; टोकदार सुळका दिसला तर तेथे प्रकाश परावर्तित करणारा कनेक्टर असतो. सुळके जास्त धोक्याचे असतात. मागे परतणाऱ्या त्या जोरदार प्रकाशामुळे इंटरोगेटरचा शोधक काही काळ आंधळा होतो आणि त्यानंतरच्या काही चॅनेलची, म्हणजे मोजणीबिंदूंची, नोंद बिघडते. असे कनेक्टर काढून तेथे फ्यूजन स्प्लाइस करून घ्यावे, आणि काढणे शक्य नसेल तर तिरक्या तोंडाचे, म्हणजे एपीसी प्रकारचे, कनेक्टर बसवावेत. इंटरोगेटरकडील पहिल्या पॅच कॉर्डचे टोक प्रत्येक जोडणीआधी साफ करण्याची शिस्त पाळावी. संकेत कमी येतो म्हणून झालेल्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी या एका टोकाशी येऊन मिटतात. आणि हा लेसर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जोडलेल्या तंतूच्या उघड्या टोकात कधीही डोकावू नये.

इंटरोगेटरची जागा आणि मांडणी

इंटरोगेटर स्थिर तापमानाच्या, कमी कंपनांच्या खोलीत ठेवावा. खोलीतील पंखे, वातानुकूलन यंत्रणा किंवा दाराची आपट यांमुळे इंटरोगेटरच्या आतील प्रकाशमार्ग हलला, तर तो धक्का केबलच्या सगळ्या चॅनेलवर एकाच क्षणी उमटतो. रॅकखाली कंपन शोषणारे पॅड घालावेत, आणि केबल बाहेर पडण्याआधी त्याच खोलीत १०० मीटरभर तंतूचे वेटोळे मऊ फोमच्या पेटीत ठेवावे. त्याचा उपयोग पुढे नोंद स्वच्छ करताना होतो. जीपीएसचा अँटेना मोकळ्या आकाशाखाली बसवावा, कारण वेळेत मिलिसेकंदांची चूक चालून जाते, पण सेकंदाची चूक झाली तर भूकंपाचे स्थान अनेक किलोमीटरने सरकते. अखंडित वीजपुरवठा आणि मोठ्या धक्क्यात रॅक कोसळू नये म्हणून भिंतीला व जमिनीला आवळलेले बोल्ट, या दोन गोष्टी साध्या असल्या तरी अंदाजपत्रकातून हमखास गळतात.

आता आकड्यांची निवड. प्रकाशाला तंतूतून १ किलोमीटर जाऊन परत यायला सुमारे १० मायक्रोसेकंद लागतात. आधीच्या स्पंदाचा प्रकाश परत आल्याशिवाय पुढचा स्पंद सोडता येत नाही, म्हणून ५० किलोमीटर केबलवर सेकंदाला साधारण २,००० आणि १०० किलोमीटरवर १,००० ही स्पंदांची कमाल मर्यादा ठरते. भूकंपाच्या उपयोगाची वारंवारता स्थानिक छोट्या भूकंपांसाठीही बहुधा ५० हर्ट्झच्या आत असते, तेव्हा नोंद सेकंदाला १०० किंवा २०० नमुन्यांवर उतरवून साठवली तरी चालते; स्पंद मात्र शक्य तितक्या वेगाने सोडावेत. त्याचे कारण पुढे तीव्र धक्क्यांच्या संदर्भात येईल.

गेज लांबी वाढवली की संकेत स्वच्छ होतो, पण त्या लांबीपेक्षा लहान लहरी पुसल्या जातात. वरच्या मऊ मातीत ५०० मीटर प्रतिसेकंद वेगाने जाणाऱ्या २० हर्ट्झच्या लहरीची लांबी २५ मीटर असते. तेथे ३० मीटरची गेज लांबी ठेवली तर हाती काही लागणार नाही. सर्वसाधारण कामासाठी १० मीटर ही सुरुवात करायला योग्य लांबी आहे. साठवणुकीचा हिशेबही आधीच करावा: ५,००० चॅनेल, सेकंदाला ५०० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला ४ बाइट धरले तर सेकंदाला १० मेगाबाइट, म्हणजे दिवसाला ८६४ गिगाबाइट होतात. एवढी कच्ची नोंद वर्षानुवर्षे ठेवणे परवडणारे नाही. काही दिवसांची कच्ची नोंद फिरत्या साठ्यात ठेवावी, भूकंप आढळला की त्या वेळेचा तुकडा कायम जपावा, आणि बाकीचे काळ कमी नमुन्यांच्या रूपात ठेवावेत.

चॅनेल जमिनीवर बसवणे

केबलमालकाच्या नकाशातील केबल आणि जमिनीतील केबल यांच्यात नेहमीच तफावत असते. इंटरोगेटरला अंतर कळते ते तंतूच्या लांबीचे. रस्त्यावरचे अंतर त्याहून कमी भरते, कारण तंतू आवरणाच्या आत किंचित पिळत जातो, चेंबरमध्ये वेटोळी असतात, आणि दुरुस्तीच्या वेळी कुणी कुठे किती केबल वाढवली याची नोंद क्वचितच ठेवलेली असते. चॅनेल क्रमांक २,४०० म्हणजे नेमके कोणते ठिकाण, हे ठोकून पाहूनच ठरवावे लागते.

यासाठी दोन जणांची गरज असते. एकाने केबलच्या मार्गावर, चेंबरशेजारी किंवा केबलखुणेच्या दगडाजवळ उभे राहून जड हातोड्याने जमिनीवर किंवा जमिनीवर ठेवलेल्या लोखंडी पत्र्यावर ठरावीक अंतराने पाच-सहा ठोके द्यावेत आणि प्रत्येक ठोक्याची जीपीएस वेळ व जागा नोंदवावी. दुसऱ्याने इंटरोगेटरजवळ बसून अंतर एका अक्षावर आणि वेळ दुसऱ्या अक्षावर दाखवणारा धबधबा आलेख पाहावा. ठोक्याची लहर दोन्ही बाजूंना पसरत जात असल्याने आलेखात इंग्रजी व्ही अक्षरासारखी खूण उमटते. तिचे टोक ज्या चॅनेलवर असेल तो चॅनेल त्या जागेचा. मार्गाच्या प्रत्येक वळणावर, पुलाच्या दोन्ही टोकांना आणि प्रत्येक मोठ्या चेंबरपाशी हे करावे, आणि मधल्या चॅनेलच्या जागा त्यावरून हिशेबाने काढाव्यात. चेंबरपाशी ठोकले असता व्हीच्या टोकाऐवजी सपाट तळ दिसला, म्हणजे लागोपाठचे काही चॅनेल एकाच वेळी सारखेच हलले, तर तेथे वेटोळे आहे असे समजावे. ६० मीटरचे वेटोळे दर १० मीटरच्या मांडणीत सहा चॅनेल गिळते. ते सहा चॅनेल यादीतून काढून टाकावेत आणि पुढच्या सगळ्या चॅनेलचे स्थान तेवढ्याने मागे आणावे.

लांब मार्गावर सगळीकडे ठोकत जाणे शक्य नसते. केबल रस्त्याच्या कडेने जात असेल तर जीपीएस लावलेले एक जड वाहन संथ, एकसारख्या वेगाने तिच्या शेजारून न्यावे. वाहनाची तिरकी रेष आलेखात स्पष्ट दिसते आणि तिच्यावरून चॅनेलच्या जागा काही मीटरांच्या अचूकतेने जुळवता येतात. या फेरीतच केबल जमिनीला कुठे चांगली धरून आहे आणि कुठे नाही, याचाही अंदाज येतो: रेष ज्या चॅनेलवर अचानक पुसट होते ते संशयास्पद समजावेत. दूरच्या मोठ्या भूकंपाच्या लांब लहरी आल्या की हीच तपासणी आणखी नेमकेपणाने करता येते, कारण त्या लहरी काही किलोमीटरच्या पट्ट्यात जवळजवळ सारख्याच असतात. शेजारच्या चॅनेलच्या तुलनेत एखादा चॅनेल सातत्याने कमी-जास्त दाखवत असेल तर तो फरक केबलच्या पकडीचा किंवा तेथील मऊ मातीचा असतो.

नोंद स्वच्छ करणे आणि भूकंप ओळखणे

येणाऱ्या नोंदीवर तीन क्रिया लगेच कराव्यात. पहिली, फोमच्या पेटीतील वेटोळ्याची नोंद सगळ्या चॅनेलमधून वजा करणे, म्हणजे इंटरोगेटरचे स्वतःचे कंपन निघून जाते. पुष्कळ ठिकाणी यासाठी सर्व चॅनेलचा मध्यक वजा करतात, आणि लांब केबलवर ते ठीकच आहे. पण केबल आखूड असेल आणि लहर खालून जवळजवळ सरळ वर येत असेल, तर ती सगळ्या चॅनेलवर एकदमच पोचते आणि मध्यकाबरोबर भूकंपही वजा होतो. दुसरी क्रिया म्हणजे तापमानामुळे होणारा संथ सरकाव काढण्यासाठी आणि उच्च वारंवारतेचा गोंगाट कमी करण्यासाठी बँडपास गाळणी. स्थानिक भूकंपांसाठी १ ते २० हर्ट्झ हा पट्टा सुरुवातीला वापरावा. तिसरी, बिघडलेल्या चॅनेलवर खूण करणे. परतणारा प्रकाश काही ठिकाणी स्वतःशीच व्यतिकरण होऊन जवळजवळ शून्य होतो आणि त्या क्षणी तेथील फेजला अर्थ उरत नाही. अशा चॅनेलचा त्या वेळेपुरता विचारच करू नये.

भूकंप ओळखण्याचे जुने तंत्र, म्हणजे अल्पकाळातील आणि दीर्घकाळातील सरासरी संकेतांचे गुणोत्तर, एकेका चॅनेलवर चालवले तर प्रत्येक ट्रक भूकंप ठरेल. डीएएसचे बळ शेजारच्या हजारो चॅनेलमधील सुसंगतीत आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन १ किलोमीटर केबल ओलांडायला एक मिनिट घेते, तर भूकंपलहर तेवढेच अंतर सेकंदाच्या आत पार करते. आलेखात वाहनाची रेष लांबट तिरकी आणि भूकंपाची रेष जवळजवळ आडवी दिसते. वेग आणि दिशा यांवर आधारलेली गाळणी वापरून वाहनांच्या रेषा पुसून टाकल्या, आणि किमान काही शे सलग चॅनेलवर किलोमीटर प्रतिसेकंदाच्या वेगाची लहर दिसल्याशिवाय घटना मानायची नाही असा नियम ठेवला, तर खोट्या सूचना लक्षणीय कमी होतात. मशीन लर्निंगवर आधारित साधनेही आता उपलब्ध आहेत. फेजनेट या न्यूरल नेटवर्कची डीएएससाठी केलेली आवृत्ती २०२३ साली प्रसिद्ध झाली. ती वापरावी, पण आपल्या केबलवरच्या किमान काही डझन ज्ञात भूकंपांवर तिची परीक्षा घेतल्यावरच, कारण दुसऱ्या जमिनीवर शिकलेले नेटवर्क आपल्या रेल्वेमार्गाला काय समजेल याचा नेम नसतो.

स्थाननिश्चितीसाठी केबलबरोबर परिसरातील नेहमीच्या भूकंपमापकांचीही आगमनवेळ घ्यावी. केबलपासून दूर ठेवलेली दोन-तीन तीन-दिशादर्शी केंद्रे डाव्या-उजव्या बाजूचा संभ्रम मिटवतात आणि पी लहरीची खात्रीची वेळ देतात. ५,००० चॅनेल म्हणजे ५,००० स्वतंत्र पुरावे असे मात्र गणितात धरू नये. शेजारचे चॅनेल जवळजवळ तेच सांगत असतात, आणि त्यांना सरसकट समान वजन दिले तर स्थानातील अनिश्चितता खोटी कमी दिसते. प्रत्येक किलोमीटरमागे एखादा चांगला चॅनेल निवडणे बऱ्याचदा पुरेसे ठरते.

तीव्रता काढताना विकृतीचे जमिनीच्या वेगात रूपांतर करावे लागते, आणि त्यासाठी लहर केबलवरून ज्या दृश्य वेगाने सरकते त्याने विकृतीला गुणावे लागते. हा दृश्य वेग धबधबा आलेखातील रेषेच्या उतारावरूनच मिळतो. मिळालेला आकडा परिसरातील केंद्रांनी दिलेल्या तीव्रतेशी पडताळून प्रत्येक पट्ट्यासाठी दुरुस्तीचा गुणक ठरवावा.

तीव्र धक्क्याचा पेच

छोट्या भूकंपांवर उत्तम चालणारी मांडणी मोठ्या भूकंपात नेमकी फसू शकते, आणि उभारणी करणाऱ्यांकडून सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते याच बाबीकडे. लागोपाठच्या दोन स्पंदांमध्ये फेज पाय (π, सुमारे ३.१४) रेडियनपेक्षा जास्त बदलला, तर तो वाढला की घटला हे इंटरोगेटरला ठरवता येत नाही आणि पुढची नोंद निरर्थक होते. १० मीटर गेज लांबीवर पाय रेडियन म्हणजे सुमारे ३४ नॅनोस्ट्रेन. सेकंदाला १,००० स्पंद असतील तर सेकंदाला ३४ मायक्रोस्ट्रेनपर्यंतचा बदल झेलता येतो. आता जमिनीचा वेग १ सेंटीमीटर प्रतिसेकंद, वारंवारता ५ हर्ट्झ आणि दृश्य वेग १ किलोमीटर प्रतिसेकंद धरला, तर विकृती १० मायक्रोस्ट्रेन आणि तिच्या बदलाचा कमाल दर सेकंदाला सुमारे ३१४ मायक्रोस्ट्रेन होतो, म्हणजे मर्यादेच्या नऊपट. १ सेंटीमीटर प्रतिसेकंद हा काही विध्वंसक धक्का नव्हे. घरातल्या माणसांना तो सहज जाणवतो, इतकेच.

उपाय दोन्ही बाजूंनी करावा लागतो. गेज लांबी २ मीटरवर आणली तर पाय रेडियनची मर्यादा सुमारे १७० नॅनोस्ट्रेन होते. केबलची वापरातील लांबी २० किलोमीटरपर्यंत मर्यादित ठेवून सेकंदाला ५,००० स्पंद सोडले तर सेकंदाला सुमारे ८५० मायक्रोस्ट्रेन झेलता येतात, आणि वरचा धक्का आवाक्यात येतो. याची किंमत म्हणजे जास्त गोंगाट आणि कमी लांबी. सूक्ष्म भूकंपांची यादी करणे हा हेतू असेल तर लांब केबल व मोठी गेज लांबी ठेवावी. पूर्वसूचना हा हेतू असेल तर तीव्र धक्क्याला प्राधान्य द्यावे. आणि दोन्ही हवे असल्यास त्याच केबलमधील दोन तंतूंवर दोन वेगळ्या मांडण्या चालवाव्यात. कोणत्याही परिस्थितीत केबलजवळ एक-दोन तीव्र-गती त्वरणमापक असू द्यावेत.

तात्काळ म्हणजे किती लवकर

कवचातील पी लहरीचा वेग ६ आणि एस लहरीचा ३.५ किलोमीटर प्रतिसेकंद धरला, तर भूकंपकेंद्रापासून ६० किलोमीटरवरच्या गावाला पी लहर १० आणि एस लहर १७ सेकंदांनी पोचते. हे गाव आणि केबल एकाच ठिकाणी असतील तर हाती सात सेकंदच असतात, आणि त्यातले तीन प्रक्रियेत गेले तर उरतात चार. केबल भूकंपक्षेत्राच्या जवळ असेल तर हे गणित एकदम सुधारते. समुद्रातील भ्रंशांच्या बाबतीत किनाऱ्यावरून समुद्रात गेलेल्या केबलला जे महत्त्व आहे ते यामुळेच. मॉन्टेरे उपसागरातील वैज्ञानिक केबल मार्च २०१८ मध्ये देखभालीसाठी चार दिवस रिकामी असताना तिच्या २० किलोमीटर भागावर डीएएस चालवले गेले आणि ३.४ तीव्रतेचा भूकंप समुद्रतळावर तपशीलवार टिपला गेला, तेव्हा ही शक्यता ठळकपणे समोर आली.

विलंब नेमका कुठे साचतो ते घड्याळ लावून मोजावे. नोंद एकेका मिनिटाच्या फायलीत साठवून ती फाइल बंद झाल्यावर वाचायची, अशी पद्धत असेल तर मिनिटाच्या सुरुवातीला आलेला भूकंप साठ सेकंदांनी कळेल, आणि मग पुढची प्रक्रिया कितीही वेगवान असली तरी उपयोग नाही. इंटरोगेटरकडून अर्ध्या किंवा एका सेकंदाचे तुकडे थेट प्रवाहात घ्यावेत, गाळणी व ओळख त्याच खोलीतील संगणकावर करावी, आणि केंद्राकडे फक्त आगमनवेळा, कंपविस्तार आणि निवडक चॅनेलची नोंद पाठवावी. हे निवडक चॅनेल मिनीसीड या भूकंपनोंदींच्या प्रमाणित स्वरूपात दिले तर केंद्रावर आधीपासून चालू असलेली सीसकॉम्पसारखी भूकंप-निरीक्षणाची संगणक प्रणाली त्यांना साधी भूकंपकेंद्रे समजून वापरू शकते.

सेवेत आणण्यापूर्वी आणि नंतर

केबलमालकाशी करार करताना एक मुद्दा मोकळेपणाने मांडावा: ही केबल वाहने, खोदकाम आणि शांत जागी पावलेही ऐकते. कच्ची नोंद किती काळ ठेवली जाईल, कोणाला पाहता येईल आणि मार्गाचे अचूक स्थान प्रसिद्ध केले जाईल की नाही, हे लिहून ठेवावे. शेजारच्या तंतूंवर वाहतूक चालू असेल तर तिला अडथळा होत नसल्याची चाचणी मालकासमक्ष करावी.

इशारे बाहेर पाठवण्यापूर्वी काही महिने प्रणाली नुसती समांतर चालवावी आणि तिचा प्रत्येक निर्णय परिसरातील भूकंपयादीशी ताडून पाहावा. हुकलेले भूकंप, खोटे इशारे आणि विलंब या तीन नोंदवह्या वेगवेगळ्या ठेवाव्यात, कारण एक सुधारायला गेले की दुसरी बिघडते. प्रत्येक चॅनेलच्या परतीच्या प्रकाशाची पातळी रोज आपोआप तपासली जावी. एखाद्या बिंदूपासून पुढचे सगळे चॅनेल एकाच वेळी गोंगाटात गेले तर केबल तुटलेली असते, आणि प्रणालीने ते सेकंदात ओळखून त्या भागाची माहिती वापरणे थांबवले पाहिजे. तुटलेल्या केबलचा गोंगाट भूकंप म्हणून बाहेर जाणे हा टाळता येण्याजोगा प्रमाद आहे. दुरुस्तीत तुटलेल्या जागी बहुधा काही मीटर नवी केबल घालून दोन जॉइंट केले जातात, आणि तेथून पुढच्या प्रत्येक चॅनेलचे स्थान तेवढ्याने सरकते. म्हणून दुरुस्तीची सूचना मिळताच नव्या ओटीडीआर आलेखाची प्रत मागवावी, दुरुस्तीच्या जागेच्या अलीकडे एक आणि पलीकडे दोन ठिकाणी पुन्हा ठोकून पाहावे, आणि चॅनेलची यादी नव्या तारखेसह जतन करून जुनी यादीही सांभाळून ठेवावी, म्हणजे आधीच्या नोंदी आधीच्या स्थानांनीच वाचता येतील.